सात फुटांवरची आई

चाळीतल्या आमच्या घराचं स्वयंपाकघर १० फूट लांब आणि ८ फूट रुंद आहे. खाली दोन फुटी शहाबादी फरशी, लांबीत पाच आणि रुंदीत चार. हा हिशेब मला लहानपणापासून पाठ आहे. पावसात गॅलरी भिजलेली असायची तेव्हा आम्ही दोघी बहिणी याच फरश्यांवर ठिकरी खेळायचो, आणि कोपरा उडालेल्या फरशीवर पाय पडला की बाद, असा आमचा नियम होता. ती फरशी अजून तिथेच आहे, ओट्याकडून पाचवी, उंबरठ्याला लागून. कॅमेऱ्याला लेन्स घेताना शेवटी तिचाच आधार घ्यावा लागला.

दर चतुर्थीच्या सकाळी मी आईचे फोटो काढते. ओट्याला पाठ करून ती पाटावर बसते. पुढ्यात परात, डावीकडे ओल्या फडक्याखाली झाकलेली उकड, उजवीकडे सारणाचं पातेलं. बोटांना तेल-पाणी लावून ती पारी करते, सारण भरते आणि मग कळ्या पाडायला लागते. तिच्या मोदकाला एकवीस कळ्या असतातच असं नाही, पण जेवढ्या असतात तेवढ्या सारख्या अंतरावर असतात. मला ती बोटं हवी होती. पण खिडकी एकच, तीही घरगल्लीत उघडणारी. बाहेर भाद्रपदातलं ढगाळ आभाळ, समोर शेजारच्या इमारतीची शेवाळलेली भिंत, वर एक ट्यूबलाइट. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स ५५ वर नेली की तिचं अ‍ॅपर्चर एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. आयएसओ ३२०० वर चढवला तरी शटर सेकंदाच्या पंधराव्या भागाइतकं रेंगाळायचं. तेवढ्यात आईची बोटं एका कळीवरून दुसरीकडे निघालेली असायची. फोटोत परात स्वच्छ, पाटाची कड स्वच्छ, आणि जिथे बोटं असायला हवीत तिथे नुसता धूर.

त्या धुरामुळे मला प्राइम लेन्स हवी झाली. प्राइम म्हणजे एकाच फोकल लेंग्थची लेन्स. तिला जवळ-लांब करता येत नाही, त्यासाठी आपणच पुढे-मागे व्हायचं. झूम लेन्सला १८ पासून ५५ पर्यंत प्रत्येक आकड्याला चित्र नीट द्यायचं असतं. त्यासाठी आत भिंगांचे गट सरकत राहतात, आणि त्या कसरतीत तिचं तोंड फार मोठं ठेवणं परवडत नाही. प्राइमला एकच आकडा सांभाळायचा असतो. म्हणून ती लहान, हलकी, स्वस्त असूनही एफ १.८ पर्यंत उघडू शकते. कॅननची १९९० साली निघालेली ५० मिमी एफ १.८ तर जेमतेम १३० ग्रॅमची होती. एफचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थला त्या तोंडाच्या व्यासानं भागून आलेला भागाकार. आकडा लहान तेवढं तोंड मोठं, आणि प्रकाश वाढतो तो आकड्यांच्या वर्गाच्या हिशेबानं. ५.६ ला १.८ नं भागून वर्ग केला की साडेनऊच्या वर येतो. म्हणजे त्याच खिडकीतून, त्याच ट्यूबलाइटखाली जवळजवळ दहापट उजेड. पंधराव्या भागाऐवजी सेकंदाचा दीडशेवा भाग. मोदकाची कळी तेवढ्यात पकडता येते.

पण कुठली प्राइम? मी ५० मिमी घेतली, आणि घेताना फारसा विचार केला नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँ आयुष्यभर लायका कॅमेऱ्यावर मुख्यतः ५० मिमी वापरत राहिला, हे मी वाचलं होतं. माणसाच्या नजरेला सर्वांत जवळची लेन्स ५० मिमीची, हेही कुठे ना कुठे कानावर पडलं होतं. ओळखीतल्या एकांकडे जुनी ५० पडून होती, ती घेतली. घरी आणून लावली तेव्हा कळलं की लेन्सच्या आत फोकसची मोटर नाही आणि माझ्या कॅमेऱ्याच्या अंगातही नाही. फोकस हातानं फिरवायचा. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका असतो, तो स्थिर झाला की फोकस जमला असं समजायचं. आईच्या बोटांवर तो ठिपका क्षणभर लागायचा आणि विझायचा. हे शिकता आलं असतं, आणि पुढे मी ते शिकलेही. खरी अडचण वेगळी होती. त्या लेन्समधून आई मावतच नव्हती. तिचं डोकं घ्यावं तर परात जायची, परात घ्यावी तर कपाळ जायचं. मागे सरकत सरकत मी उंबरठ्याला टेकले, मग उंबरठा ओलांडून बाहेरच्या खोलीत गेले. तिथे आई पूर्ण मावली.

मावली, पण ते फोटो पाहताना काहीतरी खटकत राहिलं. आई त्यात कुणाकडेच पाहत नव्हती. काम करणाऱ्या एका बाईचे, तिला न कळता काढल्यासारखे ते फोटो होते.

मी ज्याला ५० समजत होते ते माझ्या कॅमेऱ्यावर ५० उरत नव्हतं, हे आई न मावण्याचं कारण तर उघडच होतं. लायकाची चौकट ३६ बाय २४ मिमीची. माझा सेन्सर सुमारे २३.५ बाय १५.६ मिमीचा. भिंग तेच, ते पाडतं ते चित्रही तेच, पण माझा सेन्सर त्याचा मधलाच भाग उचलतो. त्यामुळे ५० मधून दिसतं ते मोठ्या चौकटीवरच्या ७५ इतकं. कॅननच्या छोट्या सेन्सरवर दीडऐवजी १.६ नं गुणायचं, म्हणजे ८०. चेहऱ्याला ही लेन्स उत्तम, मोकळ्या मैदानातही उत्तम. ८ बाय १० च्या खोलीत ती माणसाला खोलीबाहेर काढते.

या छोट्या सेन्सरला सगळे क्रॉप म्हणतात, म्हणजे कापलेला. मोठा तो फुल फ्रेम, म्हणजे पूर्ण. हे शब्द ऐकून मला बरीच वर्षं असं वाटायचं की आपल्याला काहीतरी कमी मिळालं आहे, पूर्ण चित्र कुठेतरी दुसरीकडे, अधिक पैसे असलेल्यांकडे आहे. मग त्या चौकटीचा इतिहास वाचला आणि मन निवळलं. ३५ मिमी रुंदीची फिल्म मुळात सिनेमाची. एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सननं १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिची जी चौकट ठरवली ती पाऊण इंच बाय एक इंच, म्हणजे साधारण १८ बाय २४ मिमी. माझ्या सेन्सरच्या अगदी शेजारची. पुढे जर्मनीतल्या वेत्झलारला लाइट्स कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाकनं १९१३-१४ च्या सुमारास हीच फिल्म एका लहान फोटो-कॅमेऱ्यात आडवी चालवली आणि सिनेमाच्या दोन चौकटींची एक केली. त्याला दम्याचा त्रास होता, जड कॅमेरे आणि काचा वाहून नेणं झेपत नव्हतं. १९२५ साली तो कॅमेरा लायका या नावानं बाजारात आला आणि ३६ बाय २४ ही दुप्पट केलेली चौकट जगाला मूळची वाटू लागली.

मूळची होती ती छोटीच. ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तो अशाच चौकटीत. आमच्या चाळीपासून ती जागा चालत जाण्याच्या अंतरावर. त्याआधी दादासाहेब फाळक्यांनी ‘अंकुराची वाढ’ हे छोटं चित्रण केलं होतं. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचं रोप वाढताना एकेक चौकट टिपत गेले. मला फाळक्यांच्या सगळ्या खटाटोपात ही गोष्ट सर्वांत जवळची वाटते. कॅमेरा हलत नाही, भिंग बदलत नाही, अंतर तेच. बदलतं ते फक्त रोप.

दुसऱ्या लेन्ससाठी मी बोरा बाजारात गेले. फोर्टातली ती गल्ली कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहे. एका अरुंद दुकानात, काचेच्या कपाटामागे, सत्तरीच्या पुढचे एक काका बसले होते. मी म्हटलं, “काका, क्रॉप सेन्सरसाठी प्राइम हवी आहे. ३५ घेऊ की २४?” लेन्स विकणारे सहसा विचारतात तसं काहीतरी ते विचारतील म्हणून मी तयार होते. बजेट किती, कुठला कॅमेरा, पोर्ट्रेट काढता की लग्नं. त्यांनी विचारलं, “घर केवढं आहे तुमचं?”

मी सांगितलं. १० बाय ८, आई पाटावर बसते, मी दाराशी.

“आईपासून किती लांब बसता?”

हे मी कधीच मोजलं नव्हतं. काका म्हणाले, “ताई, आधी ते मोजून या. लेन्स इथेच आहे, पळून जात नाही.” आणि वर एक युक्ती सांगितली. किट लेन्स ३५ वर लावायची, झूमच्या कड्याला चिकटपट्टी मारायची आणि आठ दिवस हलवायची नाही. पुढचे आठ दिवस २४ वर. हात कशासाठी शिवशिवतो ते पाहायचं.

ज्यांना अशी निवड करायची आहे त्या प्रत्येकाला मी ही चिकटपट्टी सांगते. दहा परीक्षणं वाचून कळत नाही ते तिच्यामुळे आठ दिवसांत कळतं. पट्टी मारण्याआधी मी आणखी एक केलं. जुने फोटो उघडून प्रत्येक फोटो कुठल्या फोकल लेंग्थला काढला आहे ते पाहत गेले. कॅमेरा ते फोटोबरोबर नोंदवून ठेवतो. बहुतेक सगळे एक तर १८ ला नाही तर ५५ ला. मधले आकडे जवळजवळ नव्हतेच. म्हणजे इतकी वर्षं मी एका जागी बसून कडं या टोकाला नाही तर त्या टोकाला फिरवत होते. स्वतः हललेच नव्हते.

२४ च्या आठवड्यात सगळं घर मावलं. खिडकी, ओटा, फळीवरचे डबे, देवघराची कड, आई. चाळीच्या खोलीला २४ फार कामाची लेन्स आहे, हे मान्यच. बारशाला, हळदीकुंकवाला, दहा माणसं एका खोलीत बसलेली असताना मला तीच हवी असते. पण आईची बोटं मोठी हवीत म्हणून मी २४ घेऊन अगदी जवळ गेले, तेव्हा तिचे हात पंज्यासारखे आणि चेहरा मागे ओढल्यासारखा दिसला. हा दोष लेन्सचा म्हणून सांगितला जातो, पण तो लेन्सचा नसतो. अंतराचा असतो. दोन हातांवरून पाहिलं तर जवळचं मोठं आणि मागचं लहान दिसणारच, डोळ्यांनी पाहा की भिंगातून पाहा. एकाच जागी बसून १८ ला आणि ५५ ला असे दोन फोटो काढावेत आणि १८ च्या फोटोतला मधला तुकडा कापून मोठा करावा. नाक, कान, हात, मागची भिंत, सगळ्यांची मापं एकमेकांशी तशीच निघतात. लेन्स फक्त कडा कुठे कापायच्या ते ठरवते. माणूस कसा दिसेल ते आपण कुठे बसलो त्यावर ठरतं.

मग ३५ चा आठवडा. टेप घेऊन मी मोजलं. आई पाटावर बसली की जमिनीपासून डोक्यापर्यंत आणि वर थोडी हवा, अशी साधारण ९४ सेंटिमीटरची उंची मला चौकटीत हवी असते. ३५ मिमी लेन्सला त्यासाठी २.१ मीटर अंतर लागतं, म्हणजे जवळजवळ ७ फूट. ५० मिमीला लागतात ३ मीटर, म्हणजे जवळजवळ १० फूट. ओटा आणि आईची बैठक वजा केली तर ७ फुटांवर येते ती कोपरा उडालेली फरशी. उंबरठ्याच्या आत, दाराच्या चौकटीला पाठ टेकून. १० फूट म्हणजे उंबरठ्यापलीकडे, बाहेरच्या खोलीत, दिवाणाच्या पायाशी.

तीन फुटांचा फरक. पण ७ फुटांवर बसलं की आई माझ्याशी बोलते. सारणात जायफळ कमी पडलं का, मावशीचा फोन आला होता, तुझ्या आजीच्या मोदकांना देठ असायचा, मला तो कधी जमला नाही. हलक्या आवाजात, हात न थांबवता, अधूनमधून मान वर करून. १० फुटांवर बसलं की ती हाक मारते. काय हवंय, झालं का तुझं, उजेड अडवू नकोस. आवाज वेगळा आणि त्या आवाजाबरोबरचा चेहराही वेगळा. त्या जुन्या ५० च्या फोटोंमध्ये मला जे खटकत होतं ते हे होतं.

काकांकडे परत गेले तेव्हा त्यांनी कपाटातून वापरलेली ३५ मिमी एफ १.८ काढून दिली. २००९ साली निकॉननं खास या छोट्या सेन्सरसाठी काढलेली, २०० ग्रॅमची, आत मोटर असलेली. ती पाडते त्या चित्राचं वर्तुळ लहान, मोठ्या सेन्सरवर लावली तर कोपरे काळवंडतात. म्हणून उद्या मोठा कॅमेरा घ्यायचा असेल त्यांनी हिच्यात पैसे घालू नयेत, असं काही लोक सांगतात. उद्याचा कॅमेरा उद्या. आई आज बसली आहे. मी ती घेतली.

पिशवी खांद्याला लावून दादाभाई नौरोजी रस्त्यावरून चालत निघाले की जे. जे. स्कूल ऑफ आर्ट लागतं. होमाई व्यारावाला तिथे शिकल्या. पुढे दिल्लीत त्यांनी नव्या देशाचा केवढा तरी इतिहास टिपला, त्यातला बराचसा रोलायफ्लेक्सवर. त्या कॅमेऱ्याचं भिंग अंगालाच जोडलेलं, काढता न येणारं. पंतप्रधान मोठे हवे असतील तर पायांनी पुढे जायचं, गर्दी हवी असेल तर पायांनी मागे यायचं. साडी नेसून, खांद्यावर सामान घेऊन, पुरुषांच्या घोळक्यातून. जे. जे. च्या झाडांखालून जाताना मला त्यांचे पाय आठवतात. फोटोंची चर्चा करताना आपण डोळ्यांबद्दल फार बोलतो आणि पायांबद्दल फार कमी.

पहिल्याच चतुर्थीला ३५ नं मला एक धडा दिला. एफ १.८ वर उघडी टाकून मी बोटांच्या अगदी जवळ गेले, ६० सेंटिमीटरवर. तिथे फोकसमध्ये येणारी खोली जेमतेम दोन सेंटिमीटर असते. मोदकाचं टोक धारदार आलं, कळ्यांचं बूड विरघळलं, आणि आई म्हणजे मागे एक हिरवी साडी. लोक बॅकग्राउंड असा वितळवण्यासाठीच प्राइम घेतात. सुंदर दिसतं तेही. पण मागे जे वितळलं होतं ते माझं घर होतं. फळीवरचा तांब्या, कॅलेंडर, खिडकीतलं शेवाळ. मी एफ ४ वर आले, उजेड कमी पडला तो आयएसओ वाढवून भरून काढला, थोडे दाणे पडले ते पडू दिले. तांब्या परत आला.

जुनी ५० मात्र मी विकली नाही. तिचं काय करायचं ते ‘टोकियो स्टोरी’ पाहताना कळलं. यासुजिरो ओझूचा १९५३ चा चित्रपट. ओझू उत्तरकाळात जवळजवळ सगळं ५० मिमीवर चित्रित करायचा, कॅमेरा बसलेल्या माणसाच्या नजरेहूनही खाली ठेवून. आणि त्याची चौकट सिनेमाची, म्हणजे माझ्या सेन्सरच्या मापाची. त्याची ५० आणि माझी ५० खरोखर एकच. मग एवढ्याशा जपानी खोल्यांत त्याला ती कशी पुरते? मी पुन्हा पाहिला तेव्हा लक्षात आलं की तो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाहतो. दाराच्या चौकटीत दार, त्यात आणखी एक दार, आणि पार आत पाठमोरं कुणीतरी आवराआवर करत असतं. आमच्या चाळीतही गॅलरी, बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांची दारं एका रेषेत आहेत.

आता कधी कधी दुपारी, जेवणं झाल्यावर, मी ५० घेऊन गॅलरीत कठड्याला टेकून जमिनीवर बसते. दोन दारांच्या आत आई भांडी पालथी घालत असते किंवा नुसतीच ओट्याला हात टेकून खिडकीबाहेर बघत उभी असते. तिथून ती माझ्याशी बोलत नाही, मीही हाक मारत नाही. चतुर्थीच्या फोटोंत जी आई आहे ती माझ्याशी बोलणारी. ही दुसरी, जिच्याशी त्या वेळी कुणीच बोलत नाही. हिरवा ठिपका स्थिर व्हायला वेळ लागतो, पण दुपारी घाई नसते.

चाळीच्या पुनर्विकासाचे नकाशे परवा घरी आले. आईनं चष्मा लावून, कागद जमिनीवर पसरून, बोटानं एकेक खोली वाचली. स्वयंपाकघराला दार नाही. ओटा थेट हॉलमध्येच उघडतो, मध्ये भिंत नाही, उंबरठा नाही. “मग तू बसशील कुठे?” तिनं विचारलं. मी जरा विचार करून हॉलच्या मध्यावर बोट ठेवलं. तिथून २४ मध्येही येईल, ३५ मध्येही येईल, जागाच जागा आहे, असं काहीतरी मी सांगायला लागले.

“तिथे नको,” आई म्हणाली. “तिथून मी बोललेलं तुला ऐकू येणार नाही.” आणि माझं बोट धरून तिनं कागदावर अर्धा इंच अलीकडे आणलं.